रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि मांगलीची कवटी

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाचे नाव ऐकलेले नाही असे घर आपल्या मराठी मंडळ्यांत विरळाच. कोणाचा मुलगा तेथे शिकला, कोणाचे सासरे तेथे शिकवीत होते, कोणाचे लग्न तेथल्या ओळखीतून जमले. परंतु ज्यांचे नाव त्या कॉलेजाला दिले आहे ते रेव्ह. स्टीफन हिस्लॉप कोण, असे विचारले तर पुष्कळांचे उत्तर एका वाक्यात संपते. ते नागपूरचे स्कॉच मिशनरी होते आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पुरात बुडून वारले. उत्तर खरे आहे. पण या दोन गोष्टींच्या मध्ये अठरा वर्षे गेली, आणि त्या अठरा वर्षांतला एक मोठा भाग आम्हांला येथे सांगायचा आहे. तो भाग दगडांचा आहे. त्यातही दगड होऊन बसलेल्या हाडांचा आणि दातांचा, ज्यांना आपण जीवाश्म म्हणतो.

आम्ही हे धारवाडातून लिहीत आहोत. सुभाष रोडच्या बाजारातून चालताना आपल्या पायाखाली कसला खडक आहे याचा विचार कोणी करीत नाही. पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या गावाचे नाव जगभर गेले आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या शास्त्रज्ञांनी १८८० नंतरच्या दशकात दक्षिणेतील एका फार जुन्या खडकसमूहाला धारवाडचे नाव दिले. ते खडक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत. पाठीचा कणा असलेला प्राणी पृथ्वीवर दिसू लागला तो सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी. म्हणून आमच्या टेकड्यांवर कोणी कितीही हातोडा चालविला तरी त्या खडकांत हाड म्हणून मिळायचे नाही. त्यातल्या त्यात जवळचे ठिकाण म्हणजे गोकाक तालुक्यातील चिकदौली. तेथील नाल्यात नामशेष झालेल्या एका गेंड्याची हाडे निघाली आणि फूट यांनीच १८७४ साली त्यांचे वर्णन छापले. पण फूट हे सरकारी भूगर्भखात्याचे पगारी अधिकारी होते. पोटाचा उद्योग निराळा आणि दगड हातात घेण्याची हौस निराळी, असा माणूस पाहावयाचा तर नागपूरच गाठले पाहिजे.

हिस्लॉपसाहेबांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या लहान गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. वडील गवंडीकाम करणारे आणि आपल्या मंडळीचे वडील होते. घर धर्मशील होते. थोरले बंधू अलेक्झांडर हेही पुढे पाळक झाले, आणि रोमन मंडळीवर त्यांनी लिहिलेले एक वादाचे पुस्तक अजूनही काही कपाटांत आढळते. स्टीफनला लहानपणापासून किडे, फुलपाखरे, दगड जमविण्याचा नाद होता. असा नाद शेकडो मुलांना असतो आणि मिसरूड फुटू लागली की सुटतो. यांचा सुटला नाही.

एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली आणि साडेचारशेच्या आसपास पाळक सरकारी मंडळीतून बाहेर पडून त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. हिस्लॉप त्यांच्या बाजूचे. ज्यांच्या हाताखाली ते धर्मशास्त्र शिकले ते डॉ. थॉमस चामर्स हे त्या चळवळीचे पुढारी होते. या चामर्सांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पृथ्वीचे वय फार मोठे आहे हे भूगर्भशास्त्राचे म्हणणे त्यांनी तरुणपणीच मान्य केले होते, आणि उत्पत्तीच्या पहिल्या व दुसऱ्या वचनांच्या दरम्यान कितीही काळ लोटलेला असू शकतो असे ते शिकवीत. त्याच फ्री चर्चच्या बाजूने वर्तमानपत्र चालविणारे ह्यू मिलर हे मूळचे पाथरवट. तांबड्या वालुकाश्मातील चिलखती माशांचे जीवाश्म त्यांनी स्वतःच्या हातांनी खाणींतून काढले होते आणि १८४१ साली त्यावर लिहिलेले त्यांचे पुस्तक घरोघर गेले होते. शास्त्र आणि श्रद्धा यांचे भांडण त्या शतकात पुढे पुष्कळ माजले, हे खरे आहे. परंतु ज्या मंडळीतून हिस्लॉप बाहेर पडले तिच्यात दगड फोडून पाहणे हे अश्रद्धेचे लक्षण समजत नसत. डार्विनचे पुस्तक निघावयाला अजून अवकाश होता.

विल्यम हिल नावाच्या मद्रास पलटणीतील एका कॅप्टनाने नागपूरकडे मिशन काढण्यासाठी मोठी देणगी मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या हाती दिली होती. त्या कामासाठी हिस्लॉप यांची निवड झाली. १८४४ साली इरॅझ्मा हल यांच्याशी त्यांचे लग्न झाले, त्याच डिसेंबरात ते दोघे मुंबईस उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. ते खालसा झाले १८५४ साली. जवळच कामठीला मद्रास पलटणीची छावणी होती. हिस्लॉप मराठी शिकले, १८४६ साली नागपुरात त्यांनी शाळा काढली, आणि १८४७ साली रेव्ह. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सोबती म्हणून आले. हंटरसाहेबांनाही हाच छंद होता, हा योगायोग म्हणावा की देवाची योजना हे वाचकांनी ठरवावे.

१८५१ साली हे दोघे नागपूरच्या पश्चिमेस असलेल्या टाकळी या गावाकडे फिरावयास गेले असता त्यांना एक लहानसा शंख दिसला. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचा शंख, पण संपूर्ण दगड झालेला. विशेष म्हणजे तो ज्या थरात होता त्याच्या खाली काळा कातळ आणि वरही काळाच कातळ. आपल्या महाराष्ट्राच्या पठाराचा हा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बनलेला आहे. लाव्ह्यात गोगलगाय कशी जगेल? तेव्हा उलगडा एकच. एक लाव्हा वाहून थिजला, त्यावर तळे साचले, तळ्यात जीव वाढले, आणि मग दुसरा लाव्हा येऊन त्या तळ्यावर पसरला. दोन लाव्ह्यांमध्ये सापडलेला हा तळ्याचा गाळ हिस्लॉप व हंटर यांनी पुढे गावोगाव हुडकून काढला. टाकळीलाच त्यांना फळे व बिया, भुंग्यांच्या पाठीवरील कठीण पंख, बारीक कवचधारी जीव अशी संपत्ती मिळाली. ज्या वर्षी हा शंख सापडला त्याच वर्षी कलकत्त्यास सरकारी भूगर्भखाते टॉमस ओल्डम यांच्या हाताखाली सुरू झाले. खात्याचे लोक नागपूर प्रांतात येऊन नीट पाहणी करीपर्यंत या भागातले दगड वाचण्याचे काम बहुतांशी या दोन मिशनऱ्यांनीच उरकले होते.

मिशनऱ्यांचे दौरे हिवाळ्यात निघत. तंबू आणि बैलगाडी घेऊन गावोगाव उपदेश करावयाचा. असा दौरा म्हणजे दगडांचाही दौरा होई. नागपूरच्या दक्षिणेस साठेक मैलांवर मांगली म्हणून गाव आहे. तेथे तांबूस, बारीक कणांचा वालुकाश्म आहे. त्या दगडातून हिस्लॉपसाहेबांना एक चपटी कवटी मिळाली. मागे रुंद, पुढे आखूड व गोलसर, आणि डोळ्यांच्या खोबणी बऱ्याच पुढच्या बाजूला. ती त्यांनी लंडनला भूगर्भशास्त्र-मंडळाकडे पाठविली. तेथे ती रिचर्ड ओवेन यांच्या हाती पडली. डायनोसॉर हा शब्द १८४२ साली ज्यांनी बनविला तेच हे ओवेन. त्यांनी १८५५ साली या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. आखूड तोंडाचा व रुंद डोक्याचा, असा त्याचा अर्थ. बेडकाच्या दूरच्या गोतावळ्यातला, पण पाण्यात दबा धरून मासे टिपणारा असा तो प्राणी होता. या जातीच्या प्राण्यांचे दात आडवे कापून पाहिले तर आत चक्रव्यूहासारख्या घड्या दिसतात, म्हणून शास्त्रज्ञांनी त्या सर्वांना चक्रव्यूहदंती अशा अर्थाचे नाव दिले होते. मांगलीचा थर आज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. हिंदुस्थानातून मिळालेल्या अशा प्राचीन उभयचरांच्या कवट्यांत शास्त्रीय नाव मिळालेली ही अगदी आरंभीची आहे.

कवटी मिळाली, पाठविली, नाव मिळाले, हे लिहावयाला तीन शब्द लागतात. प्रत्यक्षात असे दगड हाताळणे हे फार चिकाटीचे काम आहे. ते कसे चालते हे थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय या माणसाची योग्यता कळणार नाही. हाड दिसले की नवखा माणूस आधी हाडावरच हातोडा मारतो आणि तुकडे खिशात घालतो. तेथेच सगळे संपते. जाणता माणूस हाडाला हात लावीत नाही. तो भोवतालचा दगड सैल करतो आणि हाड आपल्या दगडाच्या कुशीतच राहील असा मोठा तुकडा उचलतो. आजकाल गोणपाटाच्या पट्ट्या प्लॅस्टरमध्ये भिजवून, मोडलेल्या हाताला बांधतात तसे त्या तुकड्याभोवती वेष्टन करतात. ही युक्ती हिस्लॉपसाहेबांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत रूढ झाली. त्यांच्या काळी कागद, कापूस, चिंध्या आणि लाकडी खोका एवढ्यावरच भागवावे लागे. घरी आणल्यावर बारीक छिन्नी आणि सुई घेऊन, भिंगातून पाहत, हाडावरचा दगड कणाकणाने काढावयाचा. वालुकाश्म असेल तर तो थोडा तरी ऐकतो. टाकळीचा गारगोटीसारखा दगड ऐकत नाही. भेग गेली असेल तेथे सरस भरावयाचा. दगड कोठे संपला आणि हाड कोठे सुरू झाले हे रंगावरून, चकाकीवरून, सुईच्या आवाजावरून ओळखावे लागते, आणि चुकले तर पंचवीस कोटी वर्षे टिकलेली वस्तू एका फटक्यात जाते. मग ती खोकी मुंबईपर्यंत जवळजवळ पाचशे मैल बैलगाडीने जावयाची, कारण नागपुरास आगगाडी पोहोचली ती १८६७ साली. मुंबईहून पुढे जहाज.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचे काम मात्र कागदाचे. वस्तू कोणत्या गावी, कोणत्या थरात, वर कोणता दगड, खाली कोणता, ही नोंद. हाडाची नोंद हरवली तर ते हाड म्हणजे एक शोभेचा दगड उरतो. येथे एक दाखला देण्याजोगा आहे. ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमनसाहेब यांना १८२८ साली जबलपुरास काही प्रचंड हाडे सापडली. हिंदुस्थानात सापडलेली डायनोसॉरची पहिली हाडे ती हीच. ती हातोहात कलकत्त्यास गेली, लिडेकर यांनी १८७७ साली त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले, आणि नंतर ती कोठे ठेवली आहेत याचाच पत्ता लागेना. त्यांतील एक मणका २०१२ साली कलकत्त्याच्या सरकारी संग्रहात पुन्हा हाती लागला. मांगलीच्या कवटीवर अशी पाळी आली नाही. ती लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, आणि शास्त्रज्ञ अजून तिच्याकडे वळून पाहतात.

हिस्लॉपसाहेबांच्या स्वभावातला एक गुण आम्हांला विशेष वाटतो. आपल्याला काय येते आणि काय येत नाही याची त्यांना पुरती जाण होती. शंखशिंपल्यांवर त्यांनी स्वतः अभ्यास केला आणि १८६० साली कित्येक जातींची वर्णने व नावे स्वतःच प्रसिद्ध केली. एका शंखाला टाकळीचे नाव दिले, तर दुसऱ्यांना नमुने देणाऱ्या स्नेह्यांची नावे दिली. पण हाडे त्यांनी ओवेनकडे सोपविली, माशांचे दात ओल्डमकडे, वनस्पती बनबरी यांच्याकडे, भुंगे अँड्र्यू मरे यांच्याकडे. लष्करी अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर असे पुष्कळ हौशी लोक त्या काळी हाच उद्योग करीत. उत्तरेकडे शिवालिक टेकड्यांत फाल्कनर हे डॉक्टर आणि कॉटली हे कालव्याचे इंजिनिअर यांनी हत्ती, जिराफ, कासवे यांच्या हाडांचे ढीग काढले होते. त्या सगळ्यांच्या निबंधांत एकमेकांची नावे आदराने येतात. पाथरवट, गाडीवान, गुराखी यांची नावे मात्र क्वचितच. हातात सुतकी धरून खडकाचे थर रोज पाहणारा माणूस तोच असतो. हे त्या मंडळींना ठाऊक नव्हते असे नाही. ती त्या काळाची रीत होती, पण रीत चांगली नव्हती असे आम्हांला म्हणावेसे वाटते.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असेही नाही. नागपूरकडील कोळशाच्या वालुकाश्मांना ते ज्युरासिक काळातले मानीत. आजचे शास्त्र कामठीच्या थरांना त्याहून बरेच जुने ठरविते. टाकळीच्या तळ्यातले शंख त्यांनी डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या काळात घातले होते. आज ते लाव्हे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉर अगदी सरत आले होते त्या वेळचे मानतात. पण ज्यांनी त्यांचे निष्कर्ष खोडले त्यांनी ते त्यांच्याच नोंदींच्या आधारे खोडले.

वरोऱ्याकडे पिसदुरा म्हणून एक गाव आहे. तेथल्या शेतांतून मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे वर येतात हे हिस्लॉपसाहेबांनीच शास्त्रज्ञांच्या नजरेस आणले. तेथे हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही मुबलक सापडते. सुसंस्कृत वाचकांनी नाक मुरडू नये. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील व इतर शास्त्रज्ञांनी या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष दाखवून दिले, आणि डायनोसॉरच्या काळी गवत नव्हतेच हा जगभरचा समज मोडला. जवळच्याच डोंगरगावच्या टेकडीवरून १९८० नंतरच्या दशकात एका प्रचंड डायनोसॉरचा सांगाडा कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी काढला. त्याचे वर्णन १९९७ साली झाले आणि २००३ पासून तो त्या संस्थेच्याच नावावरून इसिसॉरस म्हणून ओळखला जातो.

आता एक प्रश्न. तो आपल्या मंडळ्यांत विचारला जातो, आणि त्या काळीही कोणाच्या मनात आला नसेल असे नाही. ज्याला सुवार्तेसाठी पाठविले त्याने मेलेल्या बेडकांच्या कवट्या का शोधाव्या? देणगी देणाऱ्यांनी त्यासाठी पैसे दिले होते काय? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. हंटरसाहेब प्रकृती बिघडल्यामुळे १८५५ साली स्वदेशी परत गेले. पुढे त्यांनी इंग्रजीचा एक मोठा ज्ञानकोशवजा शब्दकोश संपादित केला. ते गेल्यावर शाळा, उपदेश, कामठीची मंडळी, पत्रव्यवहार, हिशेब असा सगळा भार मुख्यतः हिस्लॉपसाहेबांवर पडला. अशा माणसाचा एक एक तास मोलाचा. तरीही पुढील वर्षांत त्यांचे निबंध निघतच राहिले.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. त्यांचे दोन उद्योग वेगळे नव्हते. गावात जाऊन थर पाहणारा हाच माणूस त्याच गावात बसून गोंडांची भाषा, त्यांची दैवते, त्यांची लांबच लांब गाणी टिपून घेत होता, आणि तेही तितक्याच काटेकोरपणे. गोंडांविषयी त्या काळी फार थोड्यांना कुतूहल होते. ज्यांची कोणी विचारपूस करीत नाही त्यांच्याकडे वाकून पाहण्याची सवय या माणसाच्या अंगी होती. मग तो तळ्यातला शंख असो की जंगलातला माणूस असो. तरी या सवयीची किंमत होती, आणि ती शेवटी घरच्यांनी भरली. ते कसे, तेच आता सांगावयाचे.

१८६३ साली सर रिचर्ड टेंपल हे मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. नागपूरच्या दक्षिणेस बोरीजवळ टाकळघाट येथे प्राचीन लोकांनी दफनासाठी रचलेली दगडांची वर्तुळे आहेत. ती उकरून पाहण्यासाठी टेंपलसाहेब निघाले तेव्हा त्यांनी हिस्लॉपसाहेबांना बरोबर घेतले. दिवस ४ सप्टेंबरचा. वर्तुळांचे काम आटोपल्यावर टेंपलसाहेब बोरीच्या मुक्कामावर परतले. हिस्लॉपसाहेब मागे राहिले, कारण टाकळघाटला शाळा होती आणि ती तपासल्याशिवाय परतणे त्यांना रुचेना. शाळा तपासून ते घोड्यावर बसून एकटेच निघाले तेव्हा अंधार पडू लागला होता. वाटेत एक ओढा होता. सकाळी जाताना त्यात पाणी बेताचे होते. मधल्या वेळात वर पाऊस होऊन तो चढला होता. मुक्कामावर घोडा आला, स्वार आला नाही. माणसे मशाली घेऊन धावली. ओढ्यात त्यांचा देह मिळाला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. मागे पत्नी व मुले राहिली.

त्या एका दिवसात त्यांचे सर्व आयुष्य दिसते. दिवसभर प्राचीनांची थडगी, सायंकाळी गावातली शाळा. दगडांमुळे ते त्या गावी गेले, हे खरे. परंतु मागे थांबले ते मुलांसाठी. त्यांच्या मृत्यूचा दोष कोणी छंदाला देऊ लागला तर एवढे ध्यानात ठेवावे.

टेंपलसाहेबांनी त्यांचे गोंडांविषयीचे कागद गोळा करून १८६६ साली पुस्तकरूपाने छापले. टाकळघाट व खापा येथील वर्तुळांचे पद्धतशीर उत्खनन नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी १९६८ च्या सुमारास केले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला तेथले लोक अजब बंगला म्हणतात, ते हिस्लॉपसाहेब गेले त्याच १८६३ साली निघाले. कॉलेज निघाले १८८३ मध्ये. शिवाय एका खनिजाला आणि नागपूरच्या तळ्यातल्या एका सूक्ष्म, शेवाळासारख्या दिसणाऱ्या प्राण्यालाही त्यांचे नाव त्यांच्या हयातीतच मिळाले होते.

आणखी एक नाव राहिले. आजच्या तेलंगणात, प्राणहितेच्या पलीकडे, मालेरी गाव आहे. तेथून मिळालेले चपटे, कंगोरेदार दात ओल्डम यांनी १८५९ साली सेरॅटोडस या माशाचे म्हणून ओळखले आणि त्यांतील एका जातीला हिस्लॉप यांचे व दुसरीला हंटर यांचे नाव दिले. सेरॅटोडस हा मासा तेव्हा केवळ अशा सुट्या दातांवरूनच माहीत होता. तो कसा दिसत असेल, कसा श्वास घेत असेल, हा निव्वळ तर्काचा विषय होता, आणि तो कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झाला यावर सर्वांचे एकमत होते. १८७० साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नदीतला एक विचित्र मासा विल्यम फॉर्स्टर नावाच्या जमीनदार गृहस्थाने सिडनीच्या संग्रहालयाकडे दिला. तेथील क्रेफ्ट यांनी त्याचे तोंड उघडून पाहिले. आतले दात मालेरीच्या दातांच्याच घडणीचे होते. मासा फुप्फुसानेही श्वास घेतो असे आढळले, आणि त्या नद्यांत त्याचे वंशज आजही जिवंत आहेत. हिस्लॉपसाहेबांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.